शीकाकांची तिसरी नोंद

माझी आणि शीकाकांची ओळख झाली त्या सकाळी मी मरता मरता वाचलो. म्हणजे मरण्यासारखं काही घडलं नव्हतं, पण ते मला कळेपर्यंत मी मनातल्या मनात बायकोचा निरोप घेतला होता, मेव्हण्याला त्याच्या सगळ्या विनोदांबद्दल माफ केलं होतं आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवली आहे हे घरात कुणालाच ठाऊक नाही म्हणून हळहळूनही घेतलं होतं.

डोंगरातल्या त्या गावी मी हवापालटासाठी गेलो होतो. डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीतच "रोज तळ्याकाठी चालणे" असं लिहून दिलं होतं, सकाळी एकदा, उपाशीपोटी. पहिल्याच दिवशी मी मोठ्या तळ्याच्या पायवाटेवर उभा होतो. पाणी निळंशार होतं, समोरचा डोंगर त्यात डोकं खाली करून उभा होता, आणि आता आपल्याला काहीतरी काव्यमय सुचायला हरकत नाही असा विचार मी करत होतो. तेवढ्यात मागून अशी आरोळी आली की तळ्यातली बदकं एकदम उडाली आणि माझंही निम्मं अंग त्यांच्याबरोबर गेलं.

"हलू नका! आहात तसे उभे राहा! डावा पाय, डावा पाय उचलू नका!"

साप, हा माझा पहिला विचार. सुरुंग, हा दुसरा. मी जागच्या जागी पुतळा झालो. पुतळ्याला घाम येत नाही, एवढाच काय तो फरक. झुडपं हलली. आधी एक खाकी टोपी बाहेर आली, मग जाड मिशा, मग त्या मिशांचे मालक गुडघ्यांवर रांगत माझ्या बुटापाशी येऊन थांबले. त्यांनी खिशातून चिमटा काढला.

"आता हळूच टाच वर. चवडा नको हो, टाच!"

मी टाच उचलली. डोळे मिटले. बुटाखालून काहीतरी निघाल्याचं जाणवलं. स्फोट झाला नाही म्हणून डोळे उघडले, तर ते गृहस्थ चिमट्यात काळसर, चपटं, ओलसर असं काहीतरी धरून गुलाबाचं फूल हुंगावं तसं हुंगत होते. चेहऱ्यावर असा आनंद, की मुलगी माहेरी आली असावी.

"पाणमांजर!" ते म्हणाले. "पाच दिवसांनी आलीय बया. आणि तुम्ही थेट तिच्यावर उभे!" मग त्यांनी तो चिमटा माझ्या नाकाखाली आणला. "घ्या, वास घ्या. मासळी कळते की नाही? अगदी ताजी आहे."

"शी!" मी दोन पावलं मागे उडी मारली.

त्यांचा चेहरा उतरला. "शी आहे हे मलाही माहीत आहे, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "पण शी म्हणायचं कारण काय?"

हेच शीकाका. दुपारी कळलं की गावात मी पत्राने ठरवलेली "शांत, हवेशीर, तळ्याजवळची" खोली त्यांच्याच घराच्या माडीवर होती. पत्रातली तिन्ही विशेषणं खरी निघाली. खालच्या मजल्याबद्दल पत्रात काही लिहिलेलं नव्हतं.

गावाने त्यांचं नाव शीकाका का ठेवलं, याबद्दल बाहेरच्यांचा नेहमी गैरसमज होतो. त्यांना वाटतं, हा माणूस जनावरांची विष्ठा गोळा करत हिंडतो म्हणून. तसं नाही. जनावराच्या विष्ठेला काका कधीच शी म्हणत नसत. तिला ते "ऐवज" म्हणत. "शी!" हा उद्गार त्यांनी फक्त माणसांसाठी राखून ठेवला होता आणि तो दिवसातून इतक्या वेळा त्यांच्या तोंडून निघे की गावाला दुसरं नाव शोधावंच लागलं नाही.

काका वनखात्यात वाटरक्षक होते. तळी तीन, पायवाटा पाच आणि वाटरक्षक एकटे काका. सकाळी उजाडताच ते निघत. पाठीवर गोणी, हातात काठी, उजव्या खिशात चिमटा आणि झाकणाच्या बरण्या. गोणी माणसांच्या घाणीसाठी, बरण्या जनावरांच्या ऐवजासाठी. आठ मैल चालून ते वाटेच्या तोंडाशी असलेल्या लाकडी चौकीत येत, हात धुऊन नोंदवही उघडत आणि सात रकाने भरत: तारीख, वेळ, जागा, प्राणी, संख्या, वर्तन, पुरावा. मग चौकीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहीत, "आज काय दिसलं?" हा फळा प्रवाशांसाठी होता. वाचून त्यांचा उत्साह वाढावा असा खात्याचा हेतू. काकांच्या फळ्यावर मात्र असं असे:

"हरणं चार. कोल्हा एक (पाठमोरा). बदकं नेहमीची. डायपर नऊ. दुसऱ्या तळ्यात पाय धुणारे गृहस्थ एक, साबणासकट."

मी त्यांच्याबरोबर चालू लागलो आणि माझ्या डोळ्यांवरचं निसर्गसौंदर्य चार दिवसांत उतरलं. त्या गावाची चित्रं छापलेली कार्डं तुम्ही पाहिली असतील. त्यात जे मधलं तळं दिसतं, कडेला बाक, मागे सुळका, ते तळं मी काकांच्या नजरेने पाहिलं. बाकाच्या खाली हात घालायचा नाही. तिथे वर्षानुवर्षांची चघळलेली च्युइंगगम थरांनी चिकटलेली आहे. काका म्हणत, बाक आता तिच्यावरच उभा आहे. काठच्या पाण्यावर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. दगडांच्या फटीत केसांचे पुंजके, कारण तळ्याकाठी आलं की माणसाला का कोण जाणे केस विंचरावेसे वाटतात. एकदा एक बाई झुडपावरच्या पांढऱ्या फुलांचे फोटो काढताना दिसल्या. अगदी जवळ जाऊन, श्वास रोखून.

"यांचं नाव काय हो?" त्यांनी काकांना विचारलं.

"ओले रुमाल," काका म्हणाले. "लहान मुलांचं पुसून टाकलेले. बारमाही फुलतात. शी!"

बाई तीन पावलं मागे सरकल्या. पण फोटो मात्र त्यांनी खोडला नसावा, असा काकांचा कयास होता.

घरी काकू होत्या. काकूंचं स्वयंपाकघर म्हणजे अर्धं स्वयंपाकघर आणि अर्धं संग्रहालय. भिंतीवरच्या लांब फळीवर एकसारख्या काचेच्या बरण्या. निळ्या झाकणाच्या काकूंच्या, लाल झाकणाच्या काकांच्या. हा कायदा फार उशिरा झाला. त्याआधी काकूंचा धाकटा भाऊ एकदा मुक्कामाला आला आणि सगळ्यांच्या आधी उठून, बहिणीला त्रास नको म्हणून, त्याने स्वतःच कॉफी करून घेतली. दोन चमचे. तेव्हापासून तो आलेला नाही.

"चाळीस बरण्या आहेत घरात, भाऊजी," काकू मला सांगत, "आणि साखरेला एक मिळत नाही. मी यांच्याशी बोलताना कायम डाव्या बाजूला उभी राहते. उजव्या खिशात ऐवज असतो ना."

"डावीकडून मला कमी ऐकू येतं अशी तक्रार कोण करतं मग?" आतून काका.

"तक्रार नाही, सोय आहे ती."

त्या चाळीसपैकी तेवीस बरण्या एकाच प्राण्याच्या होत्या. ती एक म्हातारी अस्वलीण होती, उजवा कान फाटलेला. काका तिला आत्याबाई म्हणत. न कळवता यायचं, पोटभर खायचं, एखादी वस्तू मोडायची आणि कुरकुरत निघून जायचं, अशी तिची पद्धत. काकूंना सख्खी आत्या एकच होती आणि काका हे नाव का घेतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मला कळत नाही होय?" त्या म्हणत. काका मिशीतल्या मिशीत हसत.

आत्याबाई प्रत्यक्ष फार कमी दिसत. सव्वीस वर्षांत काकांनी त्यांना मोजून एकोणीस वेळा पाहिलं होतं, तेही लांबून, बहुतेक वेळा जाताना. पण त्यांचा ऐवज वाचून काकांना त्यांची खडान्‌खडा बातमी असे. लोक चहाबरोबर वर्तमानपत्र वाचतात तसे काका ओंडक्यावर बसून काडीने तो उकलत. "परवा वरच्या रानात होत्या. बोरं संपत आली वाटतं तिकडची. मुंग्यांचं वारूळ फोडलंय, हे बघा पाय. तब्येत बरी आहे." एखाद्याने थोरल्या बहिणीचं पत्र मोठ्याने वाचावं तसा त्यांचा सूर असे. मी हळूहळू नाक न धरता ऐकायला शिकलो. त्या घरात नाक धरणं हा उद्धटपणा होता.

माझं तिथे जाणं पुढे दरवर्षीचं झालं. तिसऱ्या वर्षीची गोष्ट. दुसऱ्या तळ्याच्या वरच्या अंगाला आडवा पडलेला एक ओंडका आहे, तिथे काका थांबले. ऐवज होता. मोठा, ताजा, पण रंग काहीतरी भलताच. काका उकिडवे बसले. काडी घातली. मी बातमीची वाट पाहत उभा राहिलो. बातमी येईना.

काडीच्या टोकाला आधी लाल चकचकीत कोपरा आला. सॉसची पुडी, न फोडलेली. मग लगद्यासारखा कागदी रुमाल, निळ्या काठाचा. मग एक दात कोरायची काडी, टोकाला कागदी छत्री लावलेली. मग नुसतं प्लॅस्टिक, वळ्या वळ्या झालेलं, हातभर लांब. ते ओढता ओढता काकांचा हात थांबला.

"शी," काका म्हणाले. अगदी हळू.

मी चमकलो. जनावराच्या विष्ठेला त्या माणसाने शी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

निळ्या काठाचे कागदी रुमाल गावात एकाच ठिकाणी होते. तळ्याच्या वरच्या टेकाडावर जे बडं हॉटेल आहे, तिथे. त्याच्या मॅनेजरला गाव "हमखास" म्हणत असे, कारण तो शब्द घातल्याशिवाय त्याचं वाक्य उभं राहत नसे. गरम पाणी हमखास मिळेल, खिडकीतून तळं हमखास दिसेल, ढग असले तर ते हमखास जातील. त्या वर्षी हॉटेलच्या फाटकावर नवी पाटी लागली होती. आम्ही दोघे संध्याकाळी पाचला तिच्यापुढे उभे राहिलो.

"हमखास अस्वलदर्शन! रोज सायंकाळी पाच ते सहा, मागील गच्चीवर."

गच्चीवर खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्यांत बेचाळीस माणसं. काकांनी सवयीने मोजली. प्रत्येकाच्या हातात बशी किंवा कॅमेरा, काहींच्या हातात दोन्ही. कठड्याखाली मुदपाकखान्याचं मागचं दार आणि दारासमोर खड्डा. वास आधी आला, खड्डा नंतर दिसला. दोन भांडीवाल्यांनी पत्र्याचे पिंप घडाघडा वाजवत काठावर आणले आणि उपडे केले. त्यातून दिवसभराचं हॉटेल बाहेर आलं. थिजलेला रस्सा, माशांची मुंडकी, अंड्यांची टरफलं, भिजून फुगलेला पाव, सिगारेटची थोटकं, कोणाचं तरी औषधाचं पाकीट. माश्यांचा एक ढग वर उठला आणि पुन्हा बसला.

मग आत्याबाई आल्या. ज्यांना सव्वीस वर्षांत एकोणीस वेळा पाहिलं, त्या उतारावरून भर उजेडात, हलत डुलत, वऱ्हाडात जेवायला आल्यासारख्या. खड्ड्यात पुढचे दोन पाय रोवून त्यांनी तोंड आत घातलं. बाहेर काढलं तेव्हा फाटक्या कानावर नूडल्सची जुडी लोंबत होती आणि नाकावर दह्याचा कप अडकला होता. गच्ची हसली. टाळ्या पडल्या. एका वडिलांनी मुलाला उचलून कठड्यावर धरलं.

"बघ बाळा, निसर्ग!"

आमच्या शेजारच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. निळ्या काठाचा. "शी! किती घाणेरडं खाते हो ही!"

"ते तुमचंच आहे, बाई," काका म्हणाले. "दुपारचं."

मॅनेजर धावत आला. हसत. तो माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तो फक्त कायम हसत असे, आणि खड्ड्याशेजारी ते हसणं पाहवत नसे.

"काका! या, या! तुम्ही कसे आमच्याकडे? चहा हमखास घ्यायचा."

"खड्डा बुजवा."

"खड्डा? काका, तो निसर्गनिरीक्षण बिंदू आहे."

"त्यात माश्या घोंघावतायत."

"त्याही निसर्गच की!"

"हे बघा, जनावर कधीतरी दिसतं तोवर ते जनावर असतं. रोज पाचला दिसायला लागलं की ते तुमचा वेटर होतं. फक्त त्याला गणवेश नाही."

"पण काका, बघा ना, लोक किती खूश आहेत!"

"शी!" काका म्हणाले आणि चहा न घेता निघाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला खरी अडचण सांगितली. खात्याचा नियम असा, की माणसांच्या वस्तीत खाताना ज्या प्राण्याची तीनदा नोंद होते तो प्राणी "सरावलेला" ठरतो. सरावलेल्याला पिंजरा. पकडून शहराच्या प्राणिसंग्रहालयात, कायमचं. आत्याबाईंच्या दोन नोंदी आधीच होत्या. एक, कुणाच्या तरी तंबूतून बिस्किटं खाल्ल्याची. दुसरी, पाववाल्याच्या गाडीची. दोन्ही काकांच्याच हातच्या. आता तिसरी लिहिली की पिंजरा, आणि न लिहिली तर खड्डा तसाच राहणार आणि ते हातभर प्लॅस्टिक एक दिवस बाहेर पडायचं थांबणार.

"मग नका लिहू," घरी पोचल्यावर काकू म्हणाल्या.

"सव्वीस वर्षांत न दिसलेलं लिहिलं नाही आणि दिसलेलं गाळलं नाही."

"मग लिहा."

"लिहिलं तर तिला नेतील."

"मग मला कशाला विचारता? पानं वाढलीत, बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका वनखात्याच्या साहेबांकडे गेले. मी बरोबर. साहेबांच्या टेबलावर काच होती, काचेखाली पक्ष्यांची चित्रं आणि काचेवर साहेबांचा जेवणाचा डबा. काकांनी त्या डब्याशेजारी लाल झाकणाची बरणी ठेवली.

"हे काय?"

"पुरावा." आणि साहेबांना नीट दिसावं म्हणून काकांनी झाकण काढलं.

साहेबांनी आपल्या डब्याचं झाकण लावलं. "काका, ती आधी बाहेर ठेवा."

"बाहेर ठेवली तर पुरावा राहत नाही साहेब, नुसती शी राहते."

"अहो, मग झाकण तरी लावा! हे बघा, मला कागद लागतो. बरणीवर नोटीस निघत नाही. तुमच्या वहीत येऊ द्या, हॉटेलचं नाव घालून. नोंद आली की मी त्याच दिवशी त्यांना नोटीस काढतो. शब्द देतो."

"नोंद आली की आत्याबाईंना पिंजरा लागेल."

साहेब घाईने उठून उभे राहिले. "अरे, काय झालं त्यांना?"

"अस्वल, साहेब. अस्वलाचं नाव आहे."

"मग अस्वल म्हणा ना!" साहेब खाली बसले. "मला वाटलं घरचं कोणी. काय करणार काका, नियम नियम आहे."

पुढचे दोन दिवस चौकीचा फळा कोरा राहिला. काकूंनी काळजीने डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूला उभं राहून पाहिलं, तरी काकांचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या सकाळी मात्र ते माडी चढून माझ्या खोलीत आले, हातात नियमांचं पुस्तक, मिशा फुललेल्या.

"वाचा. काय शब्द आहे? 'जनावर' आहे का?"

"'प्राणी' आहे."

"माणूस प्राणी नाही असं कुठे लिहिलंय?"

मी पुस्तक उलटसुलट केलं. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून सलग तीन संध्याकाळी काका वही घेऊन हॉटेलच्या गच्चीवर जाऊन बसले. मॅनेजरला वाटलं, काका निवळले. त्याने खुर्ची दिली. तिसऱ्या संध्याकाळी घरी आल्यावर काकांनी वही माझ्यापुढे धरली. त्यांचं अक्षर शाळेतल्या भिंतीवर लावावं असं होतं.

"जागा: बडे हॉटेल, मागील खड्डा. प्राणी: माणूस. संख्या: अडतीस, नर, मादी व पिल्ले. वर्तन: उरलेले अन्न, कागद व प्लॅस्टिक उघड्यावर टाकतो. ते दुसरा प्राणी खाताना पाहून टाळ्या वाजवतो. जाताना कठड्यावरून थुंकतो. या जागी या प्राण्याची ही तिसरी नोंद."

"म्हणजे नियमाप्रमाणे आता यांना हलवायला पाहिजे," काका म्हणाले. "पिंजरा घेऊन येणं खात्याला जमलं नाही, तर निदान खड्डा तरी बुजवतील. आणि आत्याबाईंच्या नावावर दोनच राहतील."

आम्ही दोघे इतके हसलो की काकूंनी स्वयंपाकघरातून येऊन वही वाचली, आणि त्याही हसल्या. "एवढी वर्षं तुम्ही जनावरांचं लिहीत होतात," त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा ओळखीचं काही वाचलं."

आता इथे काकांच्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे. काकांना रिकामा रकाना सहन होत नसे. गॅसच्या अर्जात "इतर काही" असं असलं तर ते "आज ढगाळ" असं लिहून येत. पाहुण्यांच्या वहीत "येण्याचा हेतू" या जागी त्यांनी स्वतःच्याच घरी "राहतो" असं लिहिलेलं मी पाहिलं आहे. तर त्या नोंदीतही सातवा रकाना होता. पुरावा. आणि तिन्ही दिवशी तो त्यांनी, त्याच सुंदर अक्षरात, पूर्ण भरला होता. "मादी अस्वल, उजवा कान फाटका, हिची ताजी विष्ठा, खड्ड्यालगत. आत सॉसची पुडी, निळ्या काठाचा कागदी रुमाल. बरणी सोबत जोडली आहे."

मी तो रकाना वाचला होता. काकूंनी वाचला होता. आम्हाला तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मला तर "जोडली" मधला जोडाक्षर नसलेला डौल आवडला होता. वही वरच्या कचेरीत गेली.

अकराव्या दिवशी साहेबांनी काकांना बोलावून कागद पुढे केला. सरावलेले अस्वल, मादी, तिसरी नोंद, पकडण्यात यावे.

"पण मी प्राण्याच्या रकान्यात माणूस लिहिलंय!" काका म्हणाले.

साहेबांनी वहीचं पान उघडून दाखवलं. "माणूस" वर लाल शाईची सरळ रेघ होती आणि वर नीट अक्षरात "अस्वल" लिहिलं होतं. संख्येच्या रकान्यातल्या अडतीसचाही एक झाला होता. समासात शेरा: लेखनचूक दुरुस्त केली.

"पुरावा तुमच्याच अक्षरात आहे, काका," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

पिंजरा येणार त्याच्या आदल्या दिवशी काका खड्ड्याकडे गेले. आत्याबाईंना हाकलून वरच्या रानात घालवायचं, एवढाच बेत होता. घरून त्यांनी काकूंचा रिकामा डबा आणि लाटणं घेतलं होतं. झाडीच्या कडेला उभे राहून त्यांनी डबा वाजवायला सुरुवात केली. जंगली जनावर पत्र्याच्या आवाजाला घाबरून पळतं, हे त्यांनी सव्वीस वर्षांत शेकडो लोकांना शिकवलं होतं. मी टेकाडावरून बघत होतो. काका घामाघूम होऊन वाजवत होते आणि ओरडत होते, "जा! वर जा! शी, शी, निघ इथून!"

उतारावरची झुडपं हलली आणि आत्याबाई धावत आल्या. काकांकडे, डब्याकडे. गेले चार महिने पत्र्याचा घडघडाट झाला की जेवण येत होतं. त्या काकांपासून दहा पावलांवर येऊन बसल्या, मान तिरकी करून, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गाळत. अंगाला शिळ्या रश्श्याचा वास येत होता. तो मला टेकाडावर कळला. काकांनी लाटणं खाली ठेवलं. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांना इतक्या जवळून काकांनी कधीच पाहिलं नव्हतं. मग गच्चीवरून कुणीतरी अर्धा केक खाली फेकला आणि आत्याबाई तिकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात आमिष म्हणून हॉटेलचंच पिंप ठेवलं होतं. दरवाजा पडायला चार मिनिटं लागली. गच्ची भरलेली होती. मॅनेजरने त्या दिवशी दर्शनाची वेळ सकाळी अकराची केली होती आणि तशी चिठ्ठी पाटीवर चिकटवली होती. टाळ्या झाल्या. मी आतापर्यंत बऱ्याच ओंगळ गोष्टी वर्णन केल्या. त्या सगळ्या मी पुन्हा हुंगेन, पण त्या टाळ्या नकोत.

साहेबांनी शब्द पाळला. हॉटेलला नोटीस गेली. तिला उत्तर यायला सात महिने लागले, पण अस्वल नसल्यामुळे गच्चीवर कुणी येईना, म्हणून खड्डा त्याआधीच बुजला होता. काका पुढे दोन वर्षं नोकरी करून निवृत्त झाले.

आत्याबाई शहराच्या प्राणिसंग्रहालयात चौदा महिने जगल्या. गच्चीवर आता टेबल टेनिसचं टेबल आहे.